पायाखालचा पत्रा

माझ्या गाडीचा तळ गेला तो १९८२च्या फेब्रुवारीत, सेंट हेडविग चर्चच्या चढावर. मी क्लच दाबला आणि टाच पत्र्यातून आरपार जाऊन थेट रस्त्याला लागली. बुटाचं टाचेकडचं रबर घासून निघालं. खाली बघितलं तर बर्फाचा चिखल पळताना दिसत होता. शेजारी बसलेला माझा नवरा जीन म्हणाला, "बर्नी, हवा छान येतेय." आमच्या लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती, म्हणून वाचला.

आमच्याकडे ओहायोत, त्यातून सरोवराच्या काठाला, थंडीभर रस्त्यांवर मीठ मारतात. त्याने माणसं घसरत नाहीत, पण गाड्यांचे तळ गंजून जातात. माझी गाडी म्हणजे सहासष्ट सालची प्लिमथ, कापडी टपाची, फिकट पिवळी. पुढच्या रविवारी आम्ही दोघांनी ती ढकलत गॅरेजमध्ये नेली, वर ताडपत्री टाकली. जीन म्हणाला, "उन्हाळ्यात बघू."

तसे एक्केचाळीस उन्हाळे आले. गाडीवर आधी ताडपत्री होती, मग नाताळच्या दिव्यांची खोकी आली, मग थंडीत लावायच्या जादा खिडक्या, मग टोमॅटोच्या रिकाम्या बरण्या. बाहेरच्या माणसाला तिथे गाडी आहे हे सांगावं लागायचं. आणि गंमत ऐका. जीनची अख्खी नोकरी गाड्यांच्या कारखान्यात गेली, तीही बॉडी जोडण्याच्या खात्यात. एकतीस वर्षं तो गाड्यांना वेल्डिंगने तळच डागत होता. दिवसाला तीन-चारशे. घरच्या एका गाडीचं नाव काढलं की म्हणायचा, "दिवसभर तेच करतो गं. घरी येऊन परत तेच नको."

मी आळशी म्हणून त्याला केव्हाच माफ करून टाकलं होतं. बाकी माणूस शब्दाचा पक्का. छप्पर गळलं तर त्याच संध्याकाळी शिडी लावायचा.

ही गाडी मी घेतली होती शहात्तर साली, इस्पितळाच्या धुलाईखान्यातल्या पगारातून, लग्नाच्या आधी. मला ऑरेगनला जायचं होतं, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. माझी मैत्रीण डोलोरेस तिकडे गेली होती, एका बेकरीत तिने माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. मी नकाशावर पेन्सिलने रेघही मारली होती. मग लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासांच्या, एका शुक्रवारी चर्चच्या तळघरात मासे खायला गेले आणि वाढायला जीन उभा होता. त्याने मला दोन तुकडे जास्त वाढले. ऑरेगन राहिलं. त्याचं मला दुःख नाही, खरंच नाही. पण ती गाडी मला परत चालवायची होती. मी घेतलेली, माझ्या नावाची ती एकच मोठी वस्तू होती आणि ती बरण्यांखाली गाडली गेली होती. मला अडुसष्ट वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी मी ठरवलं की आता हिचा तळ मी स्वतः लावणार, माझ्या हाताने.

आमच्या जिल्ह्याच्या धंदेशिक्षण शाळेत मोठ्यांसाठी वेल्डिंगचा वर्ग असतो. जानेवारीत नाव घातलं. शिकवणारा रँडी चाळिशीचा, दाढीवाला. पहिल्या दिवशी म्हणाला, "मिसेस युहास, तुम्ही काय बागेतले लोखंडी बगळे वगैरे करणार का?"

"नाही. गाडीचा तळ लावणार."

तो हसला नाही, हे मी त्याच्या नावावर जमा धरते. जुन्या पिकअप ट्रकचे पत्रे आणून त्यावर त्याने आम्हाला शिकवलं. एप्रिलपर्यंत माझा वेल्डिंगचा टाका पिरोगीच्या, आमच्याकडच्या उकडलेल्या करंजीच्या, मुरडीसारखा एकसारखा पडायला लागला. रँडीने तो सगळ्या वर्गाला बोलावून दाखवला. मी तशी नाकाने कांदे सोलणारी बाई नाही, पण त्या आठवड्यात थोडे सोलले.

ईस्टरच्या जेवणाला मी जाहीर केलं, "या उन्हाळ्यात गाडी करतेय."

जीनने काटा खाली ठेवला. "कुठली गाडी?"

"आपल्याकडे गंजलेल्या किती आहेत?"

"अगं, मग मी आहे ना."

"तू एक्केचाळीस वर्षं आहेस, जीन. आता मी करते. वेल्डिंगच्या बंदुकीला हात लावायचा नाही."

त्याने बटाटे पुढे सरकवले.

मे महिन्यात नव्या तळपत्र्यांची दोन लांबलचक खोकी आली, डावा आणि उजवा, काळे कुळकुळीत. त्यांच्या मागोमाग घडीची खुर्ची बगलेत मारून शेजारचा चेट हजर. चेटकडे सत्तावन्न सालची एक चकचकीत गाडी आहे, ती तो वीस वर्षं पुसतोय. आभाळ आलं की आत घेतो. सल्ला द्यायला मात्र त्याला ऊन-पाऊस काही लागत नाही.

"बर्नी, आधी मागचं चाक काढ."

"का?"

"काढायला बरं पडतं."

"बर्नी, तो स्क्रूड्रायव्हर नको, छिन्नी घे. बर्नी, चष्मा कुठला घातलायस? बर्नी, एवढ्या उकाड्यात कोणी…"

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या डोक्याचा भुगा झाला. त्यात जीनही अधूनमधून 'हूं' म्हणायला लागला होता, आणि जीनचं 'हूं' म्हणजे चेटची दहा वाक्यं. मी खोक्याचं झाकण फाडलं, जाड पेनने पाटी लिहिली आणि खिळ्याला टांगली: 'न विचारता सल्ला द्यायचा असेल तर बाहेर जाऊन द्यावा.' गॅरेजच्या तोंडाशी खडूने रेघही ओढली. दोघांनी निमूटपणे आपापल्या खुर्च्या रेघेपलीकडे सिमेंटवर मांडल्या आणि थंड पेयाचे डबे हातात घेऊन माझ्याकडे तोंड करून बसले. रस्त्याने जाणाऱ्यांना वाटत असेल, आत काही खेळ चाललाय.

गाडीची पुढची-मागची टोकं मी लोखंडी घोड्यांवर चढवली. सीटा काढल्या, गालिचा काढला, त्याखालून उंदरांच्या तीन पिढ्यांची घरं काढली. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक पत्र्यात खुपसत गेले. जिथे खुपसावं तिथे आरपार. तळ असा उरलाच नव्हता, तपकिरी भुसा होता फक्त. दारं मधे मधे येत होती म्हणून तीही काढायची ठरवली.

"या दोघं. मी म्हणेन तेव्हा उचलायचं, म्हणेन तिथे ठेवायचं."

जीन आणि चेटने दारं उचलून भिंतीला लावली. चेट बाहेर गेला. जीन मात्र दाराच्या रिकाम्या चौकटीपाशी उभा राहिला. चौकटीवरून हात फिरवला, खाली वाकून घोडे कुठे लावलेत ते बघितलं आणि बोलायला तोंड उघडलं. मी पाटीकडे बघितलं. त्याने तोंड मिटलं, बाहेर जाऊन खुर्चीत बसला.

दुसऱ्या दिवशी चेट मेव्हण्याबरोबर तीन आठवड्यांसाठी मासे धरायला गेला आणि गॅरेजमध्ये शांतता पसरली. ते तीन आठवडे माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांत मोडतात. घाण एकदाच उरकावी म्हणून मी दोन्ही बाजूंचे तळ एकदमच कापून काढले. गाडीत उभं राहिलं की पाय गॅरेजच्या फरशीवर. मग नवा पत्रा धरायचा, खूण करायची, काढायचा, कड घासायची, परत धरायचा. बसला की चिमटे लावायचे आणि हातभर अंतरावर एकेक टाका. मग मधले टाके, एक इथे, एक तिथे, म्हणजे पत्रा तापून वाकत नाही. रेडिओवर बेसबॉल लावलेला असायचा. बाहेर खुर्चीत जीन. तो कॉफी आणून द्यायचा, रेघेवर ठेवायचा, परत जाऊन बसायचा. मला वाटलं, किती शहाण्यासारखा वागतोय. रात्री झोपताना मी त्याला तसं बोललेसुद्धा. तो कूस बदलून म्हणाला, "हात भाजलाय तुझा, मलम लाव."

जूनच्या तिसऱ्या शनिवारी शेवटचा टाका मारला. तळावर उभी राहून मी दोनदा उडी मारली. जागचं काही हललं नाही. चेटही परत आला होता, नाक सोललेलं, सांगायला माशांच्या लांबीच्या गोष्टी. मी दोघांना हाक मारली. "चला, दारं लावूया."

डावं दार बिजागऱ्यांवर बसलं. मी बोल्ट आवळले आणि दार ढकललं. ते लागलं नाही. वरच्या मागच्या कोपऱ्यात गाडीच्या अंगावर ठक्क आपटलं. परत ढकललं, परत ठक्क. वर कागद जाणार नाही इतकी चिकटलेली फट आणि खाली अख्खं बोट जाईल एवढी मोकळी. बिजागऱ्या सैल केल्या, वर घेतल्या, खाली घेतल्या. मग उजवं दार लावून बघितलं. त्याचंही तसंच.

"दारंच वाकली असतील," चेट म्हणाला. "भिंतीला टेकून ठेवली ना तिरकी."

दोन्ही दारं अगदी एकसारखी कशी वाकतील? मी टेप घेतली, गाडीची लांबी वरून मोजली, खालून मोजली. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दारं नीट होती. वाकली होती ती गाडी. या गाडीला वर पत्र्याचा टप नाही आणि खाली वेगळी चौकट नाही. वर्गात शिकलो त्या पिकअप ट्रकला खाली जाडजूड चौकट असते, त्याचा तळ काढा नाहीतर ठेवा, ट्रक जागचा हलत नाही. या गाडीला सगळा आधार तळाचाच. मी दोन्हीकडचा तळ एकदम कापला, दारांच्या चौकटीत कसला टेकू दिला नाही, आणि टोकांवर उभी असलेली ती बिचारी मधोमध खाली बसली. तशा बसलेल्या गाडीत मी नवा तळ टाक्याला टाका लावून डागला होता. इतका पक्का की आता वीस वर्षं तरी ती सरळ होणार नव्हती.

चेटने टोपी काढून डोकं खाजवलं. तो वाईट माणूस नाही. हळूच म्हणाला, "बर्नी, टाके मात्र देखणे आलेत हो. आता पुढचं जीनला करू दे. त्याच्या हातचा मळ आहे." आणि घरी गेला.

मी उपड्या बादलीवर बसले. रडू येत नव्हतं, पण यायला हरकत नव्हती. जीन दाराच्या चौकटीपाशी उभा होता, तीन आठवड्यांपूर्वी उभा होता अगदी तिथेच. तेव्हा मला ते आठवलं.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"हो."

"कधीपासून?"

"दारं काढलीस तेव्हापासून. चौकटीत नळ्या डागायला हव्या होत्या. आडवी एक, तिरपी एक."

"आणि तू मूग गिळून बसलास?"

"तू पाटी लावलीस."

"पाटी! घराला आग लागली असती तरी पाटी वाचत बसला असतास का?"

"बाहेर जाऊन ओरडलो असतो. पाटीवर तसंच लिहिलंय."

मला हसू येणार होतं. फुटलंच असतं. पण तेवढ्यात त्याच्या बोलण्यातली खोच माझ्याच लक्षात आली.

"जीन, तू बाहेरच बसला होतास. तीन आठवडे. पाटीप्रमाणे तुला सल्ला द्यायची मुभा होती. का नाही दिलास?"

तो हातातल्या डब्याची पत्र्याची जीभ मागेपुढे करत राहिला, शेवटी ती तुटली.

"पहिल्या दिवशी पाटीमुळेच," तो म्हणाला. "देवाशप्पथ. तुझा राग मला माहितेय."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी मला वाटलं… राहील आता अशीच."

"काय राहील?"

"गाडी. गॅरेजमध्ये." त्याने डबा खिडकीत ठेवला. "तू ती ऑरेगनला जायला घेतली होतीस, बर्नी."

मला वाटलं, उन्हाने याचं डोकं फिरलंय. "अरे, शहात्तर सालची गोष्ट आहे ती! डोलोरेस वारली त्यालाही सहा वर्षं झाली. तुझ्या त्या ब्यूक गाडीने मी केव्हाही गेले असते. बस आहे. विमानं आहेत. आपल्याकडे आतापर्यंत नऊ गाड्या झाल्या!"

"त्या आपल्या होत्या," जीन म्हणाला. "ही तुझी आहे."

"म्हणून एक्केचाळीस वर्षं तू हिचा तळ लावला नाहीस?"

"आधी आळसच होता. मग एकदा तुझं-माझं जोरात वाजलं, घराच्या कर्जाच्या वेळी. रात्री तू गॅरेजमध्ये येऊन हिच्यात बसलीस. पाय सीटवर घेऊन. मी खिडकीतून बघितलं. तेव्हा मनात आलं, बरं झालं हिला तळ नाही. नंतर ते काही डोक्यातून गेलंच नाही. मला भीती वाटते, बर्नी. काय करू?"

मी उठले, घरात गेले आणि बारा माणसांना पुरतील एवढे बटाटे सोलले. मला भयंकर राग आला होता. आळसाला मी माफी दिली होती, आणि तो आळस नव्हताच. इतकी वर्षं मी भलत्याच गुन्ह्याला माफी देत बसले होते! माझ्या वस्तूवर हा माणूस एक्केचाळीस वर्षं बसून राहिला आणि वर मला कॉफी आणून देत होता. मी त्याच्याशी जेवताना बोलले नाही. चर्चच्या वाटेवर बोलले नाही. सोमवारीही नाही. पण खोटं कशाला बोलू, त्या रागाच्या तळाशी कुठेतरी मला बरंही वाटत होतं. आपण निघून जाऊ याची कोणाला इतकी वर्षं धास्ती वाटावी! मी साधी इस्पितळात चादरी धुणारी आणि नंतर शाळेच्या स्वयंपाकघरात डाव धरणारी बाई. सोमवारी रात्री दिवा मालवल्यावर मी पाय लांब करून त्याच्या पोटरीला लावला. त्याने श्वास सोडला तो मला ऐकू आला. 

मंगळवारी सकाळी मी गॅरेजचं दार वर केलं. जीन खुर्चीकडे निघाला होता.

"विचारतेय," मी म्हटलं. "ऐकतोयस ना? मी विचारतेय. हे सरळ कसं करायचं?"

तो रेघ ओलांडून आत आला. "दाराखालचे सगळे टाके तोडावे लागतील. दोन्हीकडचे."

"सगळे?"

"सगळे."

"तोडेन. पण बंदूक माझ्याकडे राहील. तू सांगायचं, मी करायचं."

"मान्य."

मी माझ्या हाताने माझेच टाके ग्राइंडरने कापले. चौऱ्याण्णव. तोडताना कळतं की आपण काम किती चोख केलंय. मग जीनने गाडीच्या पोटाखाली, दोन्ही दारांच्या खालच्या अंगाला, जाड लाकडी वासे घातले आणि वाशांखाली एकेक जॅक लावला. डाव्या जॅकला पाव फेरा, मग उजव्याला पाव फेरा. रंग ढवळायची लाकडी पट्टी घेऊन मी दाराच्या फटीत घालून बघत होते. वर पट्टी जात नव्हती. पाव फेरा. परत पाव. गाडी कुरकुरली. जीनने तळहात बॉडीच्या सांध्यावर ठेवला होता आणि डोळे मिटले होते. कारखान्यात तो असाच उभा राहत असणार, मी कधी बघितलं नव्हतं. एकदम कट्ट आवाज झाला.

"थांब," तो म्हणाला. "आता तिला जरा बसू दे. कॉफी पिऊ."

तिसऱ्या दिवशी डाव्या दाराच्या फटीत पट्टी वरपासून खालपर्यंत सुळकन गेली. उजवं दारही लागलं. मी ढकललं, ते लागलं, मी हातमोजे काढून टाकले. "झालं! राहू दे आता."

जीन वाकून फट बघत होता. "लागतंय, पण वरच्या कोपऱ्यात घासतंय."

"एवढंसं? असू दे रे. लागलं ना."

"इथे गावात चालेल," तो म्हणाला. "लांब रस्त्यावर खडखडेल. दिवसभर डोक्याला ताप. अजून अर्धा फेरा दे."

मी त्याच्याकडे बघितलं. तो फटीकडेच बघत होता. तिथे काहीच न बोलता गप्प बसणं त्याला किती सोपं होतं, आणि मला ते कधी कळलंही नसतं! मी परत हातमोजे घातले आणि अर्धा फेरा दिला.

मग चौकटींत नळ्या डागल्या, आडवी एक, तिरपी एक, आणि तळाचे टाके परत पहिल्यापासून सुरू केले. जीन गाडीखाली उताणा पडून लाकडाच्या ठोकळ्याने पत्रा वर दाबून धरायचा, वरून मी डागायचे. एकदा ठिणगी त्याच्या कॉलरमध्ये गेली आणि तो जे काही बोलला त्यासाठी त्याला चर्चमध्ये पाद्र्यापुढे कबुलीजबाब द्यावा लागला असणार. एकदा सवयीने त्याचा हात बंदुकीकडे आला. मी नुसतं बघितलं, तसा त्याने तो हात नेऊन स्वतःचं नाक खाजवलं. चेट रेघेपलीकडून सांगत होता की त्याच्या मेव्हण्याच्या चुलत्याने हे काम फक्त चिकटवायच्या पट्टीने केलं होतं. आम्ही दोघंही त्याला 'हूं' म्हणत होतो.

ऑगस्टच्या सुरुवातीला नळ्या कापून काढल्या. मी चेटलाच म्हटलं, लाव दार. त्याने डावं दार लावलं, उघडलं, लावलं, उघडलं. मग पलीकडे जाऊन उजवं. अकरा वेळा तरी केलं असेल. शेवटी म्हणाला, "माझ्या गाडीचं इतकं हलकं लागत नाही." चेटच्या तोंडून हे ऐकायला मी आणखी चौऱ्याण्णव टाके तोडले असते.

मग उरलं ते किरकोळ काम. सांध्यांना लुकण भरलं, तळाला खालून-वरून तांबडा रंग दिला. दोन दिवस वाळू दिला. शेवटी राहिली पाणी जायच्या भोकांची रबरी बुचं. ती मी डिकीत ठेवली होती, म्हणून डिकी उघडली.

आत जीनची तपकिरी बॅग होती. मासे धरायला जाताना नेतो ती. मला वाटलं, जागा नव्हती म्हणून कोंबली असेल. बाजूला सरकवायला उचलली तर जड लागली. चेन उघडली. वर लोकरीचे मोजे, त्याखाली चार सदरे, घडी घालून. कमरेला बांधायचा पट्टा. दाढीचं सामान. आणि त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबा, आठवड्याच्या वारांची झाकणं असलेला. सोमवार, मंगळवार, बुधवार रिकामे. त्या दिवशी बुधवार होता.

जीन दारात उभा होता. कानापर्यंत लाल झाला होता.

"हे काय रे?"

"काही नाही. म्हटलं, तू निघालीस तर ऐनवेळी माझी घाई नको."

"गोळ्या इथे ठेवल्यास? मग रोज घेतोस कशा?"

"सकाळी येतो ना. तू उठायच्या आधी. घेतो आणि परत ठेवतो."

चप्पल घालून, पायजम्यावर, दवातून. कधीपासून ते मी विचारलं नाही. 

"अरे वेड्या," मी म्हटलं, "हिला अजून ब्रेक नाहीत. इंजिन उतरवायचंय. सीटा शिवायच्यात. टपाचं कापड सडलंय. पुढच्या मे महिन्याच्या आत ही गॅरेजबाहेर निघत नाही."

"मला काही घाई नाही," जीन म्हणाला. "पण बॅग राहू दे तिथेच."

मी बुचांची पिशवी तेवढी काढून घेतली. बॅगेची चेन लावली, सरळ ठेवली आणि तिच्या शेजारी माझी बॅग मावेल का ते हाताने मोजून बघितलं. मावत होती.